धुराचा दर

शाळामास्तराला निवडणूक चुकत नाही. माझ्या वाट्याला इतकी वर्षं मतदान केंद्र यायचं. आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घ्यायचं, कुठल्यातरी वाडीतल्या शाळेत रात्र काढायची, पहाटे उठून मॉक पोल, मग दिवसभर लोकांच्या बोटांना शाई. 2024च्या विधानसभेला मात्र आदेश आला तो व्हिडिओ पाहणी पथकाचा. बायको म्हणाली, "चला, यंदा घरी तरी झोपाल." तसं काही झालं नाही, पण ते असो.

काम असं होतं. उमेदवाराची सभा असली की एक पथक कॅमेरा घेऊन जातं आणि सगळं टिपून आणतं. ते चित्रीकरण आमच्याकडे यायचं. कचेरीच्या मागच्या खोलीत आम्ही तिघं एका लॅपटॉपसमोर बसायचो आणि त्यातल्या वस्तू मोजायचो. खुर्च्या किती, स्टेज किती बाय किती, भोंगे किती, एलईडी पडदा आहे का, हार, शाली, टोप्या, चहाच दिला की वडापावही दिला. प्रत्येक वस्तूचा दर जिल्ह्यानं आधीच ठरवलेला. आम्ही आकडा लिहायचा, हिशेबवाल्यांनी गुणाकार करायचा आणि बेरीज त्या उमेदवाराच्या नावे एका वहीत चढवायची. कागदोपत्री तिचं नाव शॅडो रजिस्टर. आमच्यातले कृषी खात्याचे भाऊ तिला सावलीची वही म्हणायचे. उमेदवार स्वतःचा खर्च लिहितो ती एक वही, आणि त्याच्या मागून मुकाट चालणारी ही दुसरी. विधानसभेला मर्यादा 40 लाखांची, तेव्हा पहिली वही नेहमी सडपातळ असते. सावली मात्र उन्हाप्रमाणे लांब होते.

एक सभा अजून डोळ्यांसमोर आहे. कुणाची ते सांगत नाही. सांगायचं नसतंच, आणि सांगून फरकही पडणार नाही, कारण दुसऱ्या दिवशी समोरच्याची पाहिली तीही तशीच होती, फक्त रंग वेगळे. मैदानात अंधार. पडद्यावर समुद्र, किल्ला, उसळती लाट. ढोल-ताशे. मग मुंबईहून आणलेला निवेदक, दर दोन वाक्यांनी "आवाज नाही आला!" म्हणणारा. मालिकेतली एक सून आली आणि "कसे आसात?" एवढं मालवणीत विचारून गेली. लोक खूश. एका विनोदवीरानं नवऱ्या-बायकोचे तीन चुटके सांगितले. आणि मग दशावतारातले दोन राजे, किरीट-भुजबंद लावलेले, तलवारी परजत स्टेजच्या दोन टोकांनी आले, मधोमध भिडले, गोल फिरले, बाजूला झाले, आणि त्यांच्या मधून, खालून सोडलेल्या पांढऱ्या धुरातून, उमेदवार.

भाऊंनी बोट दाबलं. चित्र थांबलं. उमेदवाराचं तोंड अर्धवट उघडं, एक हात वर, कमरेपर्यंत धूर.

"सर," भाऊ म्हणाले, "ह्या धुराचो दर कितको?"

दरपत्रक वरपासून खालपर्यंत वाचलं. खुर्ची साधी, खुर्ची गादीची, सतरंजी, पोडियम, जनरेटर सगळं होतं. धूर नव्हता. आमच्या पथकातल्या तिसऱ्या, बँकेतल्या मॅडम, फार शिस्तीच्या. त्या म्हणाल्या, "'इतर'मध्ये टाका." भाऊ म्हणाले, "इतर म्हणजे कितको?" शेवटी वर विचारलं. दुसऱ्या दिवशी तोंडी उत्तर आलं की यंत्राचं भाडं धरा, धूर धरू नका. आणि त्या दोन राजांचं? ते 'कलाकार, 2 नग'. मी स्वतःच्या हातानं लिहिलंय ते. नंतर 'नग' खोडून 'व्यक्ती' केलं.

सतत मोजायला बसलं की माणसं दिसेनाशी होतात आणि खुर्च्या दिसायला लागतात. त्यामुळेच मला एक गोष्ट कळली, जी सभेला गेलो असतो तर कळली नसती. त्याच रात्री त्या सभेची रील माझ्या मोबाइलवर आली, आमच्या वाडीच्या ग्रुपवर. ड्रोन वरून फिरतोय, गर्दी समुद्रासारखी हलतेय, मोबाइलचे दिवे लुकलुकतायत, मागे गाणं. आमच्याकडच्या चित्रीकरणात त्याच सभेच्या मागच्या सगळ्या रांगा रिकाम्या होत्या. मी एकेक खुर्ची मोजली होती ना! रीलमध्ये तेवढा भाग आलाच नव्हता. म्हणजे सभा जे आले होते त्यांच्यासाठी नव्हतीच, घरी बसलेल्यांसाठी होती. आलेले लोक चित्रपटातल्या जमावासारखे होते, फरक इतकाच की चित्रपटवाले जमावाला दिवसाचे पैसे देतात. (इथंही देतात असं लोक म्हणतात. आमच्या दरपत्रकात तो रकाना नव्हता, म्हणून मी गप्प.)

आणखी एक शब्द त्या दिवसांत रोज लिहावा लागायचा: स्टार प्रचारक. मान्यताप्राप्त पक्षाला असे 40 जण नेमता येतात. त्यांच्या येण्याजाण्याचा खर्च उमेदवाराच्या माथी पडत नाही, मात्र उमेदवार त्यांच्याबरोबर स्टेजवर दिसला की सभेचा वाटा त्याच्या नावे चढतो. म्हणून आम्ही डोळ्यांत तेल घालून बघायचो, की हेलिकॉप्टरनं आलेला तारा बोलत असताना उमेदवार मागे उभा आहे की शेजारच्या आंबराईत दडलाय. इतक्या रुक्ष नियमांच्या पुस्तकात हा चमचमता शब्द कसा घुसला असेल, याचं मला राहून राहून नवल वाटायचं.

आता, पूर्वी असं नव्हतं हो, असा सूर लावून मोकळं होता येतं. माझ्या वयाचे बरेच जण लावतात. पण तो सूर खोटा आहे.

आमचा भाग जुन्या राजापूर लोकसभा मतदारसंघातला. बॅरिस्टर नाथ पै 1957 पासून 1971 साली जाईपर्यंत इथले खासदार. त्यांच्यामागून मधू दंडवते सलग पाच वेळा. वडील नाथ पैंच्या सभेबद्दल सांगायचे ते एखाद्या गाजलेल्या नाटकाबद्दल सांगावं तसं. कंदील घ्यायचा, घोंगडी घ्यायची, बायकामुलांसकट चालत निघायचं. काही जण तर दुसऱ्याला मत देणारे, तरी नाथ पै ऐकायला हटकून जायचे. वडिलांना त्यातलं संसदेचं काय कळायचं देव जाणे, पण तो आवाज, ते थांबणं, मधेच संस्कृत, मधेच मालवणी, हे ते साठी उलटल्यावरही करून दाखवायचे. करमणूकच होती ती. वीज नाही, टीव्ही नाही, वर्षातून एक जत्रा आणि पाच वर्षांतून एक निवडणूक.

आणि कोकणच कशाला. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ शाहिरांच्या डफाशिवाय नुसती आठवून बघा. अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांनी गर्दी जमवली ती गाऊन. आचार्य अत्रे म्हणजे नाटककार, आणि ज्यांच्या चित्रपटाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं ते निर्माते. 1957 साली तेच विधानसभेत निवडून गेले, आणि त्यांच्या सभेला लोक जायचे ते हसून हसून पोट दुखायला. 1960 साली एक व्यंगचित्रांचं साप्ताहिक निघालं आणि सहा वर्षांनी त्यातून एक पक्ष. आणीबाणी उठल्यावर 1977च्या निवडणुकीत पु. ल. देशपांडे प्रचाराला उभे राहिले. दक्षिणेत तर एम. जी. रामचंद्रन त्याच वर्षी मुख्यमंत्री झाले, आणि एन. टी. रामाराव यांनी 1982च्या मार्चमध्ये पक्ष काढून पुढच्या जानेवारीत शपथ घेतली, लोकांनी पडद्यावर ज्यांना कृष्ण म्हणून पाहिलं होतं ते. तेव्हा सरमिसळ ही आजची नव्हे. तिला नावं ठेवायची तर आधी अत्र्यांना ठेवा, मग माझ्याशी बोला.

मग मला नेमकं खुपतंय काय? हा प्रश्न त्या खोलीत, लॅपटॉपसमोर, चहाचे कागदी पेले मोजता मोजता मी स्वतःला बरेचदा विचारला.

उत्तर मिळालं ते एका तिठ्यावर. सकाळी शाळेत जाताना बघितलं, दोन्ही बाजूंच्या प्रचाराच्या रिक्षा चहाच्या टपरीपाशी आमनेसामने उभ्या. दोघांच्याही टपावर भोंगे, दोन्हीकडे गाणं चालू, आणि गंमत म्हणजे चाल एकच, कुठल्यातरी गाजलेल्या सिनेमाची. शब्द तेवढे वेगळे. एकाचं कडवं संपायचं तिथं दुसऱ्याचं धृवपद सुरू. मधे "ताई, माई, अक्का, विचार करा पक्का" ही घोषणा, तिच्या शेवटी अजून 'मारा शिक्का'. शिक्का 2004 सालीच देशभरातून गेला, मशीन आलं, पण यमकासाठी तो बिचारा अजून राबतोय. दोन्ही रिक्षावाले आत बाकड्यावर शेजारी शेजारी बसून भजी खात होते. मावसभाऊ आहेत ते. मी विचारलं, "अरे, एकान तरी बंद करा!" तर धाकटा म्हणाला, "गुरुजी, मी बंद केलंय तर तेचाच आयकू येतला. आणि तेना बंद केल्यान तर माजा. म्हणून दोगांचाय चालू."

मी हसत पुढं गेलो, आणि पुलापाशी पोचेपर्यंत डोक्यात डबलबारी सुरू झाली होती.

आमच्याकडच्या लोकांना डबलबारी सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. भजनाचा सामना. दोन बुवा, दोन मंडळं, एकच मांडव. पेटी, पखवाज, झांजा. पहिला बुवा आपली बारी गातो आणि जाता जाता दुसऱ्याच्या पायात एक काटा ठेवून जातो. पुराणातला एखादा अडचणीचा प्रश्न, नाहीतर मागच्या वर्षीच्या चुकीवर चिमटा. दुसऱ्याची बारी आली की त्याला आधी तो काटा काढावा लागतो, आणि तोही गाऊन, तालात. मग तो आपला काटा पेरतो. रात्रभर हे चालतं. वरची रत्नागिरीकडची मंडळी जाखडीत हेच करतात, शक्तीवाले विरुद्ध तुरेवाले. यात आवाज गोड असून भागत नाही. लोक खाली मांडी घालून बसलेले असतात ते हिशेब ठेवत. आमच्या दरपत्रकापेक्षा त्यांचा हिशेब कडक. एखाद्यानं प्रश्न टाळून नुसताच गजर रंगवला तर त्या वेळी टाळ्या पडतील, पण सकाळी एसटीत, बाजारात, पुढच्या श्रावणापर्यंत एकच वाक्य फिरत राहतं: "बुवान उत्तर दिल्यान नाय."

प्रचारवाल्यांनी आमच्या करमणुकीतलं सगळं उचललं. दिवे उचलले, पखवाज उचलला, राजे उचलले, जत्रेतली गर्दी उचलली. समोरची बारी तेवढी उचलली नाही. सभा म्हणजे एकाच बुवाची डबलबारी. तो स्वतःच प्रश्न विचारतो, स्वतःच उत्तर देतो, आणि समोरचा बुवा त्याच वेळी दहा किलोमीटरवर दुसऱ्या मांडवात हेच करत असतो. दोन्ही भोंगे चालू. लोक म्हणतात राजकारणाची करमणूक झाली. मला उलटं वाटतं. करमणुकीचे नियम राजकारणाला झेपले असते तर बरं झालं असतं.

2019च्या लोकसभेला राज ठाकरे यांच्या सभांना जी गर्दी लोटली तिचं कारण मला वाटतं हेच असावं. त्यांच्या पक्षाचा एकही उमेदवार उभा नव्हता, तरी लोक यायचे. "लाव रे तो व्हिडिओ" म्हटलं की पडद्यावर समोरच्याचं जुनं बोलणं यायचं आणि खाली त्याचा समाचार. डबलबारीची भूक होती ती लोकांची. निदान समोरच्या बुवाची ध्वनिफीत तरी आली. मतं मात्र त्या हशांच्या मागून गेली नाहीत. राज्यातल्या 48 जागांपैकी 41 भाजप-शिवसेना युतीला मिळाल्या. लोक हसायला एकीकडे गेले आणि बटण दाबायला दुसरीकडे. याचा अर्थ कुणाला काय लावायचा तो लावू दे, मला त्यात प्रेक्षकाची शहाणीव दिसते. त्याच निवडणुकीत, टीव्हीवर संभाजी महाराज साकारणारे अमोल कोल्हे शिरूरमधून निवडून आले, तेव्हा राजाचा वेश अगदीच वाया जातो असंही नाही.

शहाणीव म्हटल्यावर वहिनीची गोष्ट सांगायला हवी. निवडणुकीच्या आधी दोन महिने आमच्याकडे 'खेळ पैठणीचा' झाला. एका इच्छुकानं ठेवलेला, मागे त्याचा वीस फुटी फोटो. संगीतखुर्ची, लिंबू-चमचा, उखाणे. मी घरी नाक मुरडलं. वहिनीला तिथं मिक्सर लागला. मी काहीतरी लागट बोललो, की आता मत कुणाला ते ठरलंच म्हणायचं. ती चुलीपाशी बसली होती, वळलीसुद्धा नाही.

"मिक्सर घेतलंय, भावजी. मत खंय दिलंय?"

आणि मग, थोड्या वेळानं, "तुमका काय, शाळेत रोज उबे रवतात बोलूक. आमका वर्षातना एकदा माइक गावता, तोय नवऱ्याचा नाव घेवक."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. अजूनही नाही. मिक्सर चांगला चालतो.

प्रचाराचा नारळ आमच्याकडे ग्रामदेवतेपुढे फुटतो, सगळ्याच पक्षांचा. त्याआधी गाऱ्हाणं. मानकरी किंवा गुरव देवापुढे उभा राहून एकेक मागणं सांगतो, "बा देवा म्हाराजा..." आणि प्रत्येक मागण्याला मागून गाव एका दमात म्हणतो, "व्हय म्हाराजा!" अंगावर काटा येतो. दर वर्षी आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला सगळ्या पक्षांचे पुढारी रांग लावतात, तिथंही हवं असतं ते हेच, या 'व्हय'च्या आसपास उभं राहणं. पण गाऱ्हाण्याची दिशा बघा. लोक वर मागतात, ज्याच्याकडे मागतात त्याला गाभाऱ्यात गप्प उभं राहून ऐकावं लागतं. सभेत निवेदक ओरडतो, "पाठवणार की नाही यांना विधानसभेत?" आणि लोक म्हणतात, "हो!" लय तीच, पण इथं वरचा मागतोय आणि खालचे होकार भरतायत. भाऊंना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हंजे देव आमी की काय?" आणि पुढची फाइल उघडली.

18 नोव्हेंबरला संध्याकाळी 6 वाजता प्रचार थांबला. तिठ्यावरचा धाकटा टपावर चढून भोंग्याच्या दोऱ्या सोडत होता. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं 126 वं कलम आम्हाला प्रशिक्षणात वाचून दाखवलं होतं. मतदान संपायच्या आधीचे 48 तास सभा नाही, मिरवणूक नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याच कलमात पुढं आहे की लोकांना जमवण्यासाठी गाण्याचा कार्यक्रम, नाटक किंवा दुसरी कुठलीही करमणूक करून त्या काळात प्रचार करता येणार नाही. कायदा 1951चा, कलमाचं हे रूप 1996च्या दुरुस्तीतलं. म्हणजे लिहिणाऱ्यांना पुरतं ठाऊक होतं, मत मागायला नाटक लागणार. त्यांनी बंदी घातली नाही. शेवटच्या दोन दिवसांची शांतता तेवढी मागून घेतली, तापाच्या माणसाला डोकं टेकायला मिळावं तशी.

आणि नेमकी त्याच रात्री आमच्या गावची जत्रा.

त्रिपुरी पौर्णिमा होऊन तीन दिवस झालेले, जत्रांचा हंगाम सुरू झालेला. त्या दिवशी संकष्टी होती, चंद्र बघून लोक उपास सोडून आले. देवळामागच्या पडवीत दशावताराचा रंगपट. मी सहज डोकावलो, तर आमच्या वहीतला 'कलाकार, व्यक्ती' समोर मांडी घालून बसलेला. हातभर आरसा पेटाऱ्याला टेकवलेला, तोंडाला पांढरं लावून झालेलं, भुवया चालू. दिवसा गवंडीकाम करतो, मुलगा माझ्या वर्गात आहे.

"तुमका बघलंय हां त्या सभेत," मी म्हटलं.

"खंय? तुमी इल्लात?"

"नाय. मोजूक होतंय."

तो हसला, मग भुवई बिघडली म्हणून बोटानं पुसली. दशावताराला लिहिलेलं नाटक नसतं. कुठलं आख्यान लावायचं ते संध्याकाळी ठरतं, आणि संवाद ज्याचे त्यानं तिथल्या तिथं, समोरच्याचं ऐकून, रचायचे. बोलणं हीच त्यांची खरी तलवार. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

"थंय बोलूक गावूक नाय, गुरुजी," तो आरशात बघत म्हणाला. "आवाज आदीच भरलेलो. आमी नुसती तलवार फिरवची आणि त्येंका वाट करून देवची. इतक्या वर्षांत पयल्यांदाच माका गप रवाचे पैसे गावले."

"बरे गावले?"

"जत्रेच्या दुप्पट," तो म्हणाला, आणि दुसरी भुवई काढायला घेतली.

'रात्रीचो राजा, सकाळी कपाळार बोजा' ही म्हण याच लोकांवरून पडली. पहाटे किरीट पेटाऱ्यात जातो आणि राजा पेटारा उचलून पुढच्या गावाची वाट धरतो. आता टेम्पो असतो, पण पेटारा अजून त्यालाच चढवावा लागतो.

दहा वाजता माइक बंद झाला. कायदाच आहे, आणि त्या रात्री एक पोलीस खास त्यासाठी खांबाला टेकून उभा होता. मानकऱ्यांनी मंडळींना आधीच बजावलेलं, निवडणुकीवर एक अक्षर काढायचं नाही. आख्यानाआधीचा आडदशावतार सुरू झाला. गणपती येऊन गेला, सरस्वती येऊन गेली, मग काळ्या कपड्यातला संकासुर उडी मारून आला, लाल जीभ बाहेर लोंबणारी. या संकासुराला गावातलं काहीही बोलायची मुभा. सरपंचाच्या विहिरीपासून मास्तरांच्या उशिरापर्यंत सगळं तो काढतो. मी स्वतः दोनदा त्याच्या तावडीत सापडलोय. भटजीनं नेहमीसारखं विचारलं, "काय रे, गावची खबर काय?"

संकासुरानं लोकांकडे बघितलं. खांबाकडे, पोलिसाकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी आपली ती लांबलचक जीभ गोळा केली, तोंडात कोंबली आणि वर तळहात दाबून धरला.

असा हशा मी त्या सगळ्या चित्रीकरणांत एकदाही ऐकला नव्हता. पोलीसही हसला. हे 126 मध्ये बसतं का, याचा मी जरा विचार केला आणि सोडून दिला.

आख्यान लागलं तेव्हा बारा वाजून गेले असतील. माइक नाही, त्यामुळे लोक पुढं सरकून बसले होते, तान्ही मुलं मांडीवर. मला सवयीनं मागं वळून बघायचा मोह झाला, पण मोजायला खुर्च्याच नव्हत्या, सगळे जमिनीवर. आमचा राजा एका लाकडी बाकड्यावर सिंहासनासारखा बसलेला. समोरून शेजारच्या राज्याचा राजा आला आणि त्यानं एकामागून एक विचारायला सुरुवात केली. दुष्काळात कोठार का उघडलं नाहीस? प्रजा दारात आली तेव्हा तू शिकारीला कसा? पेटीवाला प्रत्येक प्रश्नाला एकच सूर दाबून थांबत होता. राजा उठला. तलवारीच्या मुठीवर हात गेला. आणि मग तो थांबला, मुद्दाम की खरंच अडला कुणास ठाऊक. क्षणभर नुसते रातकिडे.

मागच्या अंधारातून एक म्हातारा ओरडला, "बोल मगे!"

राजानं तलवार बाकड्याला टेकवून ठेवली आणि बोलायला लागला.